वाईतल्या घराचा न्यास करायचा आहे: वाचनालय, शिष्यवृत्ती आणि एका भावाची तजवीज

कृष्णाकाठ

वाई (जि. सातारा) येथे दुमजली घर आणि गावाबाहेर १२ गुंठे बागायत जमीन आहे. वडिलांच्या पश्चात आम्ही चार भावंडं वारस आहोत. सर्वांच्या संमतीने न्यास करून तळमजल्यावर सार्वजनिक वाचनालय व अभ्यासिका चालवायची आणि दरवर्षी काही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायची, असं ठरतंय. हाती सुरुवातीला १८ लाख रुपये आहेत. वरचा मजला भाड्याने देऊन चालू खर्च भागवावा असा विचार आहे.

धाकटा भाऊ बौद्धिक अपंग आहे, वय ४१. आम्हा तिघांनंतर त्याचा सांभाळ याच न्यासातून व्हावा अशी इच्छा आहे.

प्रश्न:
१. ट्रस्ट करावा की सोसायटी? दोन्ही बाजूंनी सल्ले मिळताहेत.
२. विश्वस्त किती असावेत आणि घरचे किती चालतात?
३. घर न्यासाच्या नावावर कधी आणि कसं करायचं?
४. शिष्यवृत्ती आमच्या ज्ञातीतल्या मुलांपुरती ठेवली तर काही अडचण येते का?

---

दप्तरी

आधी पहिला प्रश्न. महाराष्ट्रात सोसायटी केली तरी धर्मादाय कार्यालय सुटत नाही. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेली धर्मादाय उद्देशाची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या व्याख्येत सार्वजनिक न्यासच ठरते आणि तिथेही नोंदवावी लागते. दोन्ही नोंदण्या एकाच कार्यालयात होतात. पीटीआर (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीतला) क्रमांकात 'एफ' असेल तर ती सोसायटी, 'ई' असेल तर धर्मादाय ट्रस्ट, 'ए' म्हणजे हिंदू देवस्थान वगैरे.

खरा फरक कारभारात आहे. सोसायटीला किमान ७ जण लागतात, सभासद असतात, सर्वसाधारण सभा आणि निवडणूक असते. ज्या कामात गावाला मतदानाचा हक्क द्यायचा आहे तिथे ती बरोबर. तुमच्याकडे मालमत्ता एका घराची, उद्देश ठरलेले आणि सभासद गोळा करायची इच्छा नाही. ट्रस्ट करा. सभासद यादीवरून होणारे वाद धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं चालतात, ते आपणहून ओढवून घेऊ नका.

विश्वस्तांची किमान संख्या कायद्यात दिलेली नाही. पाच किंवा सात ठेवा. पाचांत दोन घरचे आणि तीन बाहेरचे, हे प्रमाण चांगलं. सगळे घरचे असण्यावर बंदी नाही, पण पुढे प्राप्तिकराची चौकशी असो की देणगीदार, पहिला प्रश्न तोच येतो.

आता न्यासपत्र. लोक संगणकावरचा तयार मसुदा घेतात, नाव बदलतात आणि सही करतात. उद्देशांची कलमं दोन पानं भरतात आणि विश्वस्त कसे बदलायचे ते दोन ओळींत उरकतात. मला विचाराल तर उलट करा. उद्देश चार-पाच ओळींत स्पष्ट लिहा आणि पुढच्या गोष्टींना जागा द्या: विश्वस्ताची मुदत (पाच वर्षं, पुनर्नियुक्ती शक्य), जागा रिकामी कशी होते (मृत्यू, राजीनामा, सलग तीन सभांना गैरहजेरी, दिवाळखोरी, फौजदारी शिक्षा), ती कोण आणि किती दिवसांत भरतो, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने, कोरम किती, समसमान मतं पडली तर काय, बँकेत कोणाच्या सह्या.

कोरमचं कलम नीट बघा. पाच विश्वस्त, कोरम तीन, असं लिहिलं आणि काळाच्या ओघात तीन वारले. उरलेल्या दोघांची सभा कोरमविना. ठराव झाला तरी तो वैध नाही. नव्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट (नोंदीतला बदल कळवणारा अर्ज) त्याच मुद्द्यावर अडतो. मग कलम ४७ खाली विश्वस्त नेमण्यासाठी किंवा ५०अ खाली योजना बनवण्यासाठी अर्ज करत बसावं लागतं. हे टाळायला एवढं वाक्य पुरतं:

"विश्वस्तांची संख्या कोणत्याही कारणाने कोरमपेक्षा कमी झाली, तरी उरलेल्या विश्वस्तांना अथवा विश्वस्ताला केवळ रिक्त जागा भरण्यापुरता ठराव करण्याचा अधिकार राहील, अन्य कोणताही निर्णय त्यांना घेता येणार नाही."

'कायम विश्वस्त' आणि 'वंशपरंपरागत विश्वस्त' ही पदं मी घालू देत नाही. एका पिढीपुरती सोय होते. पुढच्या पिढीत चुलत भावंडं 'मीच ज्येष्ठ' म्हणून एकमेकांविरुद्ध चेंज रिपोर्ट दाखल करतात.

---

ताळेबंद

दप्तरींशी सहमत. प्राप्तिकराच्या बाजूने न्यासपत्रात चार वाक्यं असलीच पाहिजेत, नाहीतर नोंदणीचा अर्ज परत येतो: न्यास रद्द करता येणार नाही, उत्पन्न व मालमत्ता फक्त उद्देशांसाठीच वापरली जाईल, लाभ धर्म, जात, लिंग न पाहता सर्वांना खुला राहील, आणि विसर्जनाची वेळ आली तर उरलेली मालमत्ता समान उद्देशाच्या नोंदणीकृत न्यासाला जाईल, विश्वस्तांना किंवा देणाऱ्याच्या वारसांना नाही. शेवटचं वाक्य सगळ्या भावंडांनी दोनदा वाचावं. एकदा दिलेलं घर परत येत नाही.

तिसऱ्या वाक्यात चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एका विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या समूहासाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाची करमाफी जाते. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीचा न्यास या अडथळ्यात येत नाही, पण 'आमची ज्ञाती' येते. शिष्यवृत्ती वाई तालुक्यातल्या सर्वांना खुली ठेवा, उत्पन्नाची आणि गुणांची अट घाला.

घराबद्दल क्रम चुकवू नका. न्यासपत्रातच घर घातलं तर ते मुद्रांक शुल्कासह दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं आणि तोवर न्यासाकडे करमाफीची नोंदणी नसते. नोंदणी नसलेल्या न्यासाला विनामोबदला मिळालेली स्थावर मालमत्ता त्याच्याच हाती करपात्र उत्पन्न ठरू शकते. म्हणून:

न्यासपत्र छोट्या रकमेवर करा, ११,००० म्हणा. पॅन काढा (न्यासाच्या पॅनचं चौथं अक्षर 'टी' असतं, एजंटने चुकून 'असोसिएशन' निवडली तर पुढे सगळीकडे अडतं). धर्मादाय नोंदणी. बँक खातं. मग १२अ (न्यासाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांची तात्पुरती नोंदणी. ती हातात आल्यावर घराचं बक्षीसपत्र आणि १८ लाख. दोन्हीसोबत देणाऱ्यांचं सहीचं पत्र घ्या की ही देणगी न्यासाच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम निधीत, जमा करावी. पत्र नसेल तर १८ लाख त्या वर्षाचं साधं उत्पन्न मोजलं जातं आणि त्याच्या ८५ टक्के त्याच वर्षी खर्च दाखवण्याची पाळी येते.

तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते. नियमित नोंदणीचा अर्ज ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा. लहान न्यास इथेच चुकतात: अभ्यासिका जूनमध्ये उघडली की घड्याळ जूनपासून चालू होतं, तीन वर्षांच्या भरवशावर राहायचं नसतं. नियमित १२अ नोंदणी एरवी पाच वर्षांची; मागच्या दोन्ही वर्षी ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या न्यासांना नूतनीकरणात ती दहा वर्षांची मिळण्याची तरतूद २०२५ मध्ये आली. मी सगळे जुने आकडे-कलमं सांगतोय, कारण लोकांच्या तोंडी तीच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, अर्ज भरताना नवे बघून घ्या.

---

सातबारा

जमिनीचं कोणी बोललं नाही. ती न्यासात घालू नका, निदान आत्ता नाही. कुळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल या सगळ्याला आडवं येतं. न्यास शेतकरी नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. १२ गुंठ्यांसाठी हा खटाटोप वाचनालयाच्या कामी येणार नाही.

घराबाबत: बक्षीसपत्र करण्याआधी मिळकत पत्रिकेवर चौघांची वारसनोंद झालेली हवी. वडिलांच्या नावावरच घर असताना थेट न्यासाला देता येणार नाही. घराच्या माणसांना निवासी घर बक्षीस देताना मुद्रांक २०० रुपये लागतो, हे ऐकून अनेकजण न्यासालाही तेच धरतात. ती सवलत पती, पत्नी, मुलं, नातवंडं अशा ठरावीक नात्यांपुरती आहे. न्यासाला खरेदीखताच्या दराने भरावं लागतं. दस्ताआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे शुल्क किती ते त्यांच्याकडून ठरवून घ्या, नंतरचा दंड वाचतो.

आणि मुख्य अडचण: चौथा वारस म्हणजे तुमचा धाकटा भाऊ. त्याचा पाव हिस्सा आहे. तो बक्षीसपत्रावर समजून सही करू शकत नसेल तर त्याच्या हिश्श्याचं दान 'सर्वांच्या संमतीने' होऊ शकत नाही.

---

कृष्णाकाठ

@सातबारा, हा मुद्दा ध्यानातच आला नव्हता, आभारी आहे. मग त्याच्या सांभाळाचं न्यासपत्रात एक कलम घातलं तर त्याचा हिस्सा देण्याला आधार मिळेल का? आणि तो वरच्या मजल्यावर राहिला तर?

---

दप्तरी

कृष्णाकाठ ताई/दादा, इथे थांबा. ते कलम घालू नका. सार्वजनिक न्यासातून देणगीदाराच्या नातेवाइकाला राहायला जागा किंवा पोटगी दिली की तो हितसंबंधी व्यक्तीला दिलेला लाभ ठरतो. करमाफीला धक्का बसतो आणि धर्मादाय आयुक्तांपुढे विश्वस्तांवर कलम ४१ड खाली निलंबन किंवा काढून टाकण्याची कारवाई होऊ शकते. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी बाहेरचे तीन विश्वस्त ही जोखीम घेणार नाहीत, घेऊही नये.

दोन न्यास करा. वाचनालयाचा सार्वजनिक, भावासाठीचा खासगी, भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली. खासगीला धर्मादाय कार्यालयाचा संबंध नाही. त्याचा तपशील 'सावली' नीट सांगतील, त्या याच विषयात काम करतात.

---

सावली

धन्यवाद दप्तरीकाका. क्रमाने सांगते.

सर्वांत आधी पालकत्व. अठरा वर्षांनंतर आईवडील किंवा भावंडं आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. हे पत्र हाती आलं म्हणजे पालकाने त्याचा पाव हिस्सा दान करावा असं नाही. पालकाचं काम त्याची मालमत्ता जपण्याचं आहे. वाचनालयाला देणं त्यात बसवणं कठीण. त्यामुळे घराची वाटणी करून त्याच्या हिश्श्याच्या बदल्यात वरचा मजला त्याच्याकडे राहील अशी मांडणी जास्त टिकाऊ. वाटणीत त्याचा हिस्सा कमी दिसता कामा नये आणि पालक स्वतःच दुसऱ्या बाजूने वाटेकरी असेल तर हितसंबंधांचा संघर्ष येतो. त्या एका कामासाठी न्यायालयाची परवानगी घेण्याबद्दल वकिलाशी बोला.

मग खासगी न्यास. त्यात हे पाच मुद्दे स्पष्ट लागतात: न्यास करण्याचा हेतू, उद्देश, लाभार्थी कोण, मालमत्ता कोणती आणि ती विश्वस्तांच्या हाती सोपवल्याची कृती. यांतलं एक धूसर राहिलं तरी न्यास उभा राहत नाही. स्थावर मालमत्ता असेल तर लेखी, सहीचा आणि नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र हवं. ठेवी, फंड असल्या जंगम गोष्टींना नोंदणी सक्तीची नाही, पण त्या खरोखर न्यासाच्या खात्यात जमा कराव्या लागतात. नुसतं न्यासपत्र करून ठेवी भावंडांच्या नावांवर तशाच ठेवल्या तर उद्या तुमच्या वारसांच्या वाटणीत त्या जातील.

लाभार्थी एकटा भाऊ आणि त्याचा वाटा शंभर टक्के, असं निश्चित लिहा. मग उत्पन्नावरचा कर त्याच्याच दराने लागतो. "विश्वस्तांना योग्य वाटेल त्या कुटुंबीयाला" असं लिहिलं की तो विवेकाधीन न्यास होतो आणि कमाल दराने कर बसतो. तेवढ्या एका वाक्याने भावाच्या औषधपाण्याचे पैसे जातात.

विश्वस्तांबद्दल: १८८२ च्या कायद्यात, न्यासपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळून काम करावं लागतं. एक परदेशात असेल तर प्रत्येक धनादेश अडकतो. 'दोघांच्या सहीने' असं लिहा. तिघांत एक तुमच्यातला, एक पुढच्या पिढीतला, एक कुटुंबाबाहेरचा असावा. जो प्रत्यक्ष सांभाळ करणार तो आणि जो पैसे सोडणार तो एकच माणूस शक्यतो नको. न्यासपत्राला जोडून एक सूचनापत्र ठेवा: औषधं, डॉक्टर, सवयी, कशाने तो घाबरतो, दिवस कसा जातो. ते कायद्याने बंधनकारक नाही, पण वीस वर्षांनी येणाऱ्या विश्वस्ताला त्यावाचून काही कळणार नाही.

आणि शेवटचं कलम: भावाच्या पश्चात उरेल ते वाचनालयाच्या सार्वजनिक न्यासाला. म्हणजे वरचा मजला त्या खासगी न्यासात असेल तर तोही तुमच्या मूळ इच्छेप्रमाणे तिथेच पोचतो, त्याचा हक्क न डावलता.

---

ताळेबंद

सावलीताईंच्या मांडणीत एक भर. मग वरचा मजला भाड्याने देऊन वाचनालय चालवण्याचा हिशोब राहत नाही, कारण ते भाडं भावाचं. १८ लाखांचं ७ टक्क्यांनी वर्षाला १,२६,००० व्याज धरा. दहा हजारांच्या पाच शिष्यवृत्त्या दिल्या की ७६,००० उरतात. अभ्यासिकेचं वीजबिल, वर्तमानपत्रं आणि एक अर्धवेळ माणूस एवढ्यात बसत नाही. सुरुवातीला शिष्यवृत्त्या दोनच ठेवा आणि अभ्यासिकेला नाममात्र मासिक शुल्क घ्या. किंवा १८ लाख पूर्ण सार्वजनिक न्यासाला न देता आधी भावाच्या न्यासाला किती लागतील ते ठरवा. माझं मत विचाराल तर भाऊ आधी.

गुंतवणुकीसाठी शेड्यूल्ड बँक किंवा पोस्ट. गावातल्या पतसंस्थेत दीड टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवू नका, धर्मादाय कायद्याच्या (१९५०) कलम ३५ मध्ये ती बसत नाही. सहकारी बँकही शासनाने मान्य केलेलीच चालते.

---

दप्तरी

नोंदणीचा भाग राहिला तो सांगून टाकतो.

न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत कलम १८ खाली अर्ज, तुमच्या बाबतीत सातारच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे. अर्ज ऑनलाइन भरला जातो. सोबत न्यासपत्राची प्रत, विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळख व पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेचा उतारा आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र. घर अजून न्यासाचं नसल्याने हे ना-हरकत पत्र वारसांनी द्यायचं. लोक ते विसरतात. नावात सरकारी असल्याचा भास होईल असे शब्द नकोत.

पुढे कलम १९ ची चौकशी: जाहीर नोटीस, आक्षेपांची मुदत, अर्जदाराचं पुराव्याचं शपथपत्र, मग आदेश आणि प्रमाणपत्र. नोंद होते ती परिशिष्ट १ वर, ज्याला कार्यालयात सगळे शेड्यूल वन म्हणतात. न्यासाचं नाव, पत्ता, विश्वस्त, मालमत्ता, कारभाराची पद्धत, सगळं त्या उताऱ्यावर. बँक, महसूल, देणगीदार, न्यायालय, जो तो तोच उतारा मागतो. त्यावर काय आहे तेवढंच न्यासाचं, असं समजून चाला.

त्यातल्या कोणत्याही नोंदीत बदल झाला की ९० दिवसांत कलम २२ चा चेंज रिपोर्ट. घराचं बक्षीसपत्र झालं, विश्वस्त वारला, पत्ता बदलला, प्रत्येकाला. जोडायचं काय: सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा, नव्याची संमती, शपथपत्र. नोटीस पोचल्याचा पुरावा नसणं हे अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण. हाती दिली तर प्रतीवर सही घ्या, टपालाने पाठवली तर पावती इतिवृत्तालाच चिकटवा. पाच-सात वर्षांचे बदल साचवून एकदम अर्ज केला तर प्रत्येक बदलासाठी वेगळा अर्ज आणि विलंबमाफी मागावी लागते. आणि मधल्या एकाच्या निवडीत खोट निघाली की त्याच्या मतावर झालेल्या पुढच्या निवडीही डळमळतात.

वर्षाचं दप्तर: दैनंदिन कीर्द, खतावणी, पावतीपुस्तक, इतिवृत्त, जंगम-स्थावर मालमत्तेची नोंदवही. वाचनालय असल्याने पुस्तकांची दाखल नोंदवही वेगळी. ३१ मार्चला हिशोब बंद, सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत, परिशिष्ट ८ चा ताळेबंद आणि ९ चं उत्पन्न-खर्च पत्रक. उत्पन्न नियमातल्या मर्यादेच्या वर असेल तर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी. ही मर्यादा इतकी जुनी आहे की जवळजवळ प्रत्येक न्यास त्यात येतो.

घर न्यासाचं झाल्यावर ते विकणं, बक्षीस देणं, बदलून देणं, किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, या सगळ्याला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी (शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षं).

---

कृष्णाकाठ

तळमजल्यातली रस्त्याकडची एक खोली पुढे झेरॉक्सवाल्याला देता येईल का, की त्यालाही परवानगी?

---

सातबारा

११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सने द्या, ठराव करून. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचा आहे. शक्य तर वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन दोन-तीन देकार घ्या आणि विश्वस्ताच्या नातेवाइकाला देऊ नका. दरवर्षी करार संपला की खोली एकदा ताब्यात घेऊन मग नवा करार करा. त्याच माणसाला सलग मुदतवाढ देत तीन वर्षं ओलांडली तर कलम ३६ चा प्रश्न उभा राहू शकतो. आणि वाटणीपत्रात तळमजला आणि वरचा मजला यांच्या चतुःसीमा, जिना, पाण्याची टाकी आणि मीटर वेगळे दाखवा, म्हणजे नगरपालिकेच्या कर आकारणी उताऱ्यावर दोन वेगळ्या नोंदी करून घेता येतील.